यांकेले, यिडल आणि येंटे

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी जुन्या नाटकांचा विषय निघाला की बालगंधर्वांच्या शालूपर्यंत आणि केशवराव भोसल्यांच्या तानांपर्यंत गेल्याशिवाय तो संपत नाही. पुरुषाने नऊवारी नेसून रंगभूमी गाजवावी, याचे कौतुक ऐकतच आम्ही वाढलो. म्हणूनच याच्या बरोबर उलट, पोराचे कपडे चढवून नाव कमावणाऱ्या मॉली पिकॉन या ज्यू विनोदी अभिनेत्रीविषयी मला कुतूहल वाटले.

मॉलीचा जन्म १८९८ सालचा, न्यूयॉर्कचा. ती वाढली फिलाडेल्फियात, जिथे तिची आई नाटकवाल्यांचे कपडे शिवत असे, आणि लहानपणीच ती रंगमंचावर उभी राहिली. १९१९ मध्ये तिने जेकब कॅलिक या नाटककार-दिग्दर्शकाशी लग्न केले. अमेरिकेत वाढलेल्या मॉलीची यिडिश कच्ची होती, म्हणून कॅलिकने तिला १९२१ मध्ये युरोपात नेले. (यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींची मायबोली मात्र मराठीच.) तिथून परतल्यावर ‘यांकेले’ या नाटकातला खोडकर पोरगा तिने इतका रंगवला की ती न्यूयॉर्कच्या यिडिश रंगभूमीची लाडकी झाली. उंची पाच फुटांहूनही कमी, डोळे टपोरे आणि कोलांटउडी मारण्याची कायम तयारी, एवढे तिचे भांडवल होते.

१९३६ मध्ये पोलंडमध्ये चित्रित झालेल्या ‘यिडल मिटन फिडल’ या चित्रपटात ती गावोगाव वाजवत फिरणाऱ्या बापाची मुलगी आहे आणि वाटेत कोणी त्रास देऊ नये म्हणून मुलाचा वेश घेते. गवताच्या गाडीवर बसून, टोपी सरकवून ती व्हायोलिन वाजवत गाते, तेव्हा ही बाई अडतिशीची आहे हे सांगूनही पटत नाही. मी तो पाहत असताना शेजारी वाती वळत बसलेल्या आजीने मात्र चष्मा न लावताच निकाल दिला, “आगं, पोरगी हाय की ती! चाल बघ तिची.”

मॉलीलाही नेमके हेच हवे असावे, असे मला वाटते. बालगंधर्वांच्या अभिनयात प्रेक्षकाने पुरुष विसरावा अशी अपेक्षा असे. मॉलीचा विनोद मात्र प्रेक्षकाने पोरगी क्षणभरही विसरू नये यावर उभा आहे. सोबतच्या वादकावर तिचे मन जडते, हे आपल्याला कळते आणि त्याला कळत नाही, त्यातूनच हशा पिकतो. पुढे योगायोगाने रंगमंचावर ढकलली गेल्यावर ती आपली खरीखुरी रडकथा सांगते, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. चित्रपटातला हा प्रसंग मला सर्वांत सरस वाटला.

ज्या पोलिश गावांतल्या रस्त्यांवर हे चित्रण झाले, तिथले ज्यू जीवन काही वर्षांतच नाझींनी पुसून टाकले. युद्धानंतर मॉली आणि कॅलिक युरोपातील निर्वासितांच्या छावण्यांत कार्यक्रम करत फिरले.

१९६३ च्या ‘कम ब्लो युअर हॉर्न’मध्ये तिने फ्रँक सिनात्राच्या आईचे काम केले. मुलाच्या घरी ती एकटी आहे, फोन वाजत राहतात, निरोप लिहायला पेन्सिल सापडत नाही, आणि एवढ्या सामग्रीवर ती प्रसंग निभावून नेते. १९७१ च्या ‘फिडलर ऑन द रूफ’मधली लग्ने जुळवणारी येंटे साकारताना तिने सत्तरी ओलांडली होती. येंटे बोलायला लागली आणि आजीने वाती बाजूला ठेवल्या. “आपल्या तमाशातली मावशीच की ही,” ती म्हणाली. आमच्याकडे ती मावशी पुरुष करतो, याची आठवण मी तिला करून दिली. पण तोवर तिने मला गप्प बसवून पडद्याकडे बोट केले होते.