भोंगा हे निमित्त: सोफियाच्या मशिदीसमोरचा एक शुक्रवार

मुंबईत भोंग्यावरून वाद पेटला की आवाज किती होता हे फार कमी जण विचारतात. खरं तर कायदा याच प्रश्नापासून सुरू होतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. म्हणजे मुद्दे तीनच: तारीख, वेळ आणि मीटरवरचा आकडा. प्रार्थनास्थळ कोणाचं आहे हा रकाना त्यात कुठेच नाही.

हे आधी सांगण्याचं कारण बल्गेरिया. तिथे 'अताका' नावाच्या कडव्या राष्ट्रवादी पक्षाने हाच भोंगा हातात घेतला होता, आणि पुढे काय झालं त्याचे तपशील न्यायालयाच्या निकालात नोंदलेले आहेत.

20 मे 2011, शुक्रवार. बल्गेरियाची राजधानी सोफियाच्या मध्यवस्तीत बान्या बाशी ही सोळाव्या शतकातली मशीद आहे. शहरात नियमित नमाज होणारी ही एकच मशीद, त्यामुळे शुक्रवारी आत जागा पुरत नाही आणि लोक बाहेर फुटपाथवर चटया अंथरतात. मुंबईकराला हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको. त्या दुपारी अताकाचे दीडशेच्या आसपास कार्यकर्ते भोंग्यांच्या विरोधात निदर्शनं करायला आले आणि थेट नमाज्यांच्या अंगावर आले. शिवीगाळ झाली, अंडी आणि दगड फेकले गेले. एकाने तुर्की फेझ टोपी हातात धरून खिशातल्या चाकूने सावकाश कापली आणि तुमचंही असंच होणार म्हणून बजावलं. नमाजाच्या चटया पेटवल्या गेल्या.

आवाजाची तक्रार असती तर चटई कशाला जाळायची? चटईला आवाज नसतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. तक्रार वस्तूबद्दल असते तेव्हा ती वस्तू बदलली की संपते. माणसाबद्दल असते तेव्हा भोंगा काढला तरी पुढचा मुद्दा तयारच असतो.

अताका जन्माला आला टीव्हीच्या पडद्यावर. वोलेन सिदेरोव हा पत्रकार 'स्कात' या वाहिनीवर 'अताका' याच नावाचा कार्यक्रम करायचा. 2005 मध्ये त्याने त्याच नावाने पक्ष काढला, आणि त्याच वर्षी जूनमधल्या निवडणुकीत 8 टक्क्यांच्या थोडी वर मतं घेऊन 240 पैकी 21 जागा जिंकल्या. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सिदेरोव दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला. तिथे तो मोठ्या फरकाने हरला, पण चौथ्या हिश्श्याच्या आसपास मतं त्याच्याकडे गेली.

आपल्याकडे हे गणित चटकन लक्षात येत नाही. मुंबईच्या 36 विधानसभा मतदारसंघांत एखाद्या पक्षाला सगळीकडे सारखी 8 टक्के मतं पडली तर त्याचा एकही आमदार येणार नाही. बल्गेरियात मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, फक्त देशभरात 4 टक्क्यांचा उंबरठा ओलांडावा लागतो. उंबरठ्याखाली राहिलेल्या पक्षांची मतं वाया जातात आणि आत आलेल्यांचा वाटा फुगतो. 2013 मध्ये जवळपास चौथा हिस्सा मतं अशी वाया गेली. अताकाला मतं 7.3 टक्के, जागा मात्र 23, म्हणजे सभागृहाचा साडेनऊ टक्क्यांहून जास्त वाटा.

त्याच सभागृहात पुढचा प्रसंग घडला. समाजवादी 84 आणि तुर्कांचा पाठिंबा असलेला हक्क आणि स्वातंत्र्य चळवळ हा पक्ष 36, बेरीज 120. समोर उजवीकडे झुकलेला गेर्ब पक्ष 97 आणि अताका 23, बेरीज तीही 120. कामकाज सुरू व्हायला 121 सदस्यांची हजेरी हवी. सिदेरोवने हजेरी लावली, गणपूर्ती झाली आणि सरकार बनलं. ज्या पक्षाला तुर्कांचा पक्ष म्हणून आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याच्याच सत्तेची वाट त्याने मोकळी केली. द्वेषाचं राजकारण तत्त्वासाठी चालतं असं मानणाऱ्यांनी ही बेरीज एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावी.

बल्गेरियात मुस्लिम लोकसंख्येच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहेत: तुर्क, पोमाक म्हणजे बल्गेरियन बोलणारे मुसलमान, आणि रोमा म्हणजे जिप्सी समाजातले काही. त्यांच्या घरात भीती अताकाने पहिल्यांदा आणलेली नाही. 1984-85 च्या हिवाळ्यात तोदोर झिवकोव्हच्या कम्युनिस्ट राजवटीने तुर्कांची नावं सक्तीने बदलून स्लाव्ह वळणाची केली. सार्वजनिक ठिकाणी तुर्की बोलायला बंदी, सुंता करायला बंदी. 1989 च्या उन्हाळ्यात सीमा उघडली तेव्हा तीन लाखांहून जास्त माणसं तुर्कस्तानात निघून गेली. ज्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव सरकारने एकदा पुसलंय, त्याच्यासमोर टोपी कापणं ही नुसती टवाळी राहत नाही.

रोख फक्त मुसलमानांवरही नव्हता. सिदेरोवच्या लिखाणात आणि भाषणांत ज्यू आणि रोमा दोघेही होते. त्याविरुद्ध काही नागरिक भेदभाव-विरोधी कायद्याखाली देशातल्या न्यायालयांत गेले आणि हरले, मग स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. 16 फेब्रुवारी 2021 ला दोन निकाल लागले, एक ज्यू अर्जदारांचा, एक रोमा अर्जदारांचा. अशा टोकाच्या बदनामीपासून या नागरिकांना संरक्षण देण्यात देशातली न्यायालयं कमी पडली, असं दोन्हींत म्हटलं गेलं.

बान्या बाशीचा निकाल याच न्यायालयाचा, पण त्याआधीचा, 24 फेब्रुवारी 2015 चा. तो वाचताना एक गोष्ट नीट पाहा. निदर्शनं करण्याचा हक्क न्यायालयाने नाकारलेला नाही. बोट ठेवलं ते राज्यावर. दोन गटांचे हक्क एकमेकांवर आदळणार हे दिसत असताना दोघांना अंतरावर ठेवण्याची व्यवस्था पुरेशी केली नाही, आणि नंतरचा तपासही अपुरा राहिला. युरोपीय मानवाधिकार करारातल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलम 9 चा भंग झाला, आणि तक्रार घेऊन गेलेल्या नमाज्याला 3,000 युरो भरपाई मंजूर झाली. आपल्याकडे मोर्च्याची परवानगी देताना मार्ग, वेळ आणि प्रार्थनास्थळापासूनचं अंतर ठरवायला पोलीस बसतात तेव्हा नेमका हाच प्रश्न टेबलावर असतो. शुक्रवारी दुपारी मशिदीच्या दारात, गणपतीच्या मंडपासमोर आरतीच्या वेळी, किंवा रविवारी सकाळी चर्चसमोर परवानगी दिली की पुढचं बरंचसं आधीच ठरून जातं.

2014 मध्ये अताकाच्या जागा 11 वर आल्या. 2017 मध्ये दोन राष्ट्रवादी पक्षांसोबत आघाडी करून तो सत्तेच्या बाकांवर बसला, 2019 मध्ये आघाडीने त्याला बाहेर काढलं, आणि 2021 मध्ये तो उंबरठ्याच्या खूप खाली राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोस्तादिन कोस्तादिनोवचा 'व्हझराझ्दाने' हा दुसरा राष्ट्रवादी पक्ष 13 जागा घेऊन पहिल्यांदा सभागृहात आला. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या 27 जागा झाल्या, एप्रिल 2023 मध्ये 37.