मारुती ८०० च्या दारांच्या पट्ट्या घरीच बदलल्या

आमची मारुती ८०० आहे २००८ सालची, आणि राहते रत्नागिरीत. म्हणजे चार महिने धो धो पाऊस आणि बाकीचं वर्ष खारा वारा. रंग अजून चांगला आहे, पण दाराच्या काचेला बाहेरून टेकलेल्या रबरी पट्ट्या पार वाळल्या होत्या. बोट फिरवलं की काळी पूड हाताला यायची, आणि पट्टी व काच यांच्यात नख जाईल एवढी फट पडली होती.

ही पट्टी पुष्कळांना शोभेची वाटते. खरं तर काचेवरून ओघळणारं पाणी तीच अडवते. तरी थोडं पाणी दारात उतरतंच, आणि ते जायला दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. पट्टी गेली की पाण्याबरोबर माती आणि पालापाचोळाही आत जातो, भोकं तुंबतात आणि पत्रा आतून सडायला लागतो. रंगाला फुगे दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणूनच हे काम पावसाळ्याआधी उरकायचं ठरवलं.

८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं, तरी सुटे भाग अजून मिळतात. दुकानात दोन प्रकार दाखवले. स्वस्तातल्या पट्टीची कड कडक होती. ती काचेवर ओरखडे पाडणार हे हातात घेतल्यावरच कळलं. मऊ कडेची, आतून पत्र्याची पट्टी असलेली घेतली. जास्तीच्या क्लिपाही घेतल्या, कारण जुन्या गंजून तुटतातच.

काच पूर्ण खाली केली, दाराच्या कडेला मास्किंग टेप लावली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने एका टोकापासून हळूहळू उचकटत गेलो. स्क्रू ड्रायव्हर वापरायचा मोह टाळावा. रंगाचा टवका उडून गेला की तिथूनच गंज धरतो. तुटलेल्या क्लिपा दारात पडल्या, त्या काढायला आतलं पॅड उघडावं लागलं. काच फिरवायच्या हँडलमागे तारेची बारीक क्लिप असते. फडक्याची कड हँडलमागे घालून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढत राहिलं की ती टुणकन निघते. कुठे उडते याच्यावर मात्र नजर ठेवा!

आत ओंजळभर चिखल निघाला. वाळल्यावर ब्रशने झाडला, तारेने भोकं मोकळी केली, तांबेरा पॉलिश पेपरने घासून त्यावर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारलं. वेळ सगळा इथेच गेला, आणि जायलाच हवा होता. नवी पट्टी बसवणं त्यामानाने किरकोळ: क्लिपा नीट जागेवर आल्या की तळव्याने दाबत जायचं, टक्‌ टक्‌ आवाज येतो.

दाराच्या पत्र्यावर बाहेरून चिकटवलेल्या आडव्या पट्ट्याही सैल झाल्या होत्या. काढण्याआधी त्यांच्या वरच्या रेषेत टेप लावून खूण केली, हेअर ड्रायरने गोंद तापवला आणि मागून तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) करवतीसारखा ओढला. उरलेला गोंद रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. दुहेरी फोम टेपने पट्टी चिकटवल्यावर गाडी लगेच धुवायची नाही. टेपची पकड पूर्ण यायला साधारण ७२ तास लागतात.

पुढच्या काचेच्या रबराला मी हात लावला नाही. ते बदलायला काच उतरवावी लागते, ते काचवाल्याचंच काम.

तीन-चार दिवसांनी नळीने पाणी मारून पाहिलं. काचेवरचं बहुतेक पाणी बाहेरूनच ओघळलं, आत गेलेलं थोडं तळाच्या भोकांतून लगेच ठिबकलं. खड्ड्यात काच खडखडायची तेही थांबलं. आता मागच्या दोन्ही बाजूंच्या काचांची रबरं तपासायची आहेत.