मिश, वो आणि आज्जीचं म्हणं

दोन वर्षांपूर्वी मी साहेबांना सांगितलं, "बुर्साचे पैसे सुटले." तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातल्या गिऱ्हाइकाचा मेल समोर उघडाच होता. त्यात लिहिलं होतं, 'ओदेमे यापलमश'. ओदेमे म्हणजे पेमेंट आणि यापल म्हणजे केलं जाणं, एवढं तुर्की मी मोबाईलवर शिकलो होतो. साहेबांनी त्या भरवशावर पिग आयर्नवाल्याला, म्हणजे कच्चं लोखंड देणाऱ्याला, चेक दिला. पैसे आले अकरा दिवसांनी. चेकचं काय झालं ते विचारू नका.

माती खाल्ली ती शेवटच्या 'मश'मध्ये. 'यापलदं' असतं तर पेमेंट झालं, खात्रीनं. 'यापलमश' म्हणजे झालंय म्हणे. अकाउंट्सवाल्यांनी सांगितलं, मी बघितलेलं नाही. समोरचा माणूस खरंच लिहीत होता. 'म्हणे' मी गाळून वाचलं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. गिऱ्हाईक तुर्कस्तानात आणि मशीन शॉपचे इन्सर्ट (लोखंड कापायचे दाते) देणारा एजंट हाँगकाँगमध्ये, म्हणून तुर्की आणि हाँगकाँगची चिनी बोली कँटोनीज, या दोन भाषांच्या नादाला लागलो. भाषातज्ज्ञ वगैरे नाही.

आमची आज्जी गल्लीतली प्रत्येक बातमी शेपटी लावून सांगायची. "पाटलाची सून माहेराला गेली म्हणं." उद्या भांडण झालंच तर आज्जी मोकळी. तुर्की माणसाला ही शेपटी क्रियापदातच शिवून मिळते. गेल्दी म्हणजे आला, गेलमिश म्हणजे आला म्हणे. त्यांच्या लहान मुलांच्या गोष्टी सुरू होतात त्या 'बीर वारमश, बीर योकमुश' अशा. एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. आपलं आटपाट नगर त्यापेक्षा ठाम.

पण मिश म्हणजे हुबेहूब म्हणे, असं धरून चाललात तर माझ्यासारखे फसाल. सकाळी उठून रस्ता ओला दिसला तरी तुर्की माणूस 'यामूर यामश' म्हणतो. आपण तिथं 'पाऊस पडून गेलेला दिसतोय' म्हणू, 'म्हणे' नाही. टीव्ही बघता बघता डोळा लागला तर 'उयुमुशुम', म्हणजे झोपलो वाटतं मी. ऐकलेलं, ताडलेलं, उशिरा ध्यानात आलेलं, सगळं एका मिशच्या पोटात.

आणि मिश, मश, मुश, म्युश अशी त्याची चार रूपं का? तर मागच्या स्वराशी जुळवून घ्यायचं म्हणून. हे एकदा कळलं की मजा येते. कोल्हापुरात म्हणजे कोल्हापुरदा, पण सांगलीत म्हणजे सांगलीदे. कागलदा, इचलकरंजीदे. पुण्यात म्हणजे पुणेदे, जणू कोण पुणं मागायला आलंय. कोल्हापूरचं 'कोल्हापुरा' करण्याची आपली भानगड तिथं नाही. मूळ नाव शाबूत राहतं, मागं डबे जोडत जायचं. क्रियापदही आपल्यासारखं शेवटी. 'बेन द्युन कोल्हापुरदान गेल्दिम', मी काल कोल्हापुरातून आलो. शब्दाला शब्द.

शब्दही ओळखीचे निघतात. हेसाप, फायदा, साबुन. फाउंड्रीला दोक्युमहाने; त्यातला 'हाने' म्हणजे आपल्या कारखान्यातला खाना. गंगावेशीच्या तालमीत जाणाऱ्या आमच्या चुलत भावाला मी सांगितलं की तिकडं पैलवानाला पेहलिवान म्हणतात, मैदानाला मेयदान, आणि कसबी माणसाला उस्ता. एदिर्नेजवळ कर्कपनारला अंगाला ऑलिव्हचं तेल चोपडून कुस्त्या होतात, २०१० पासून त्या युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेलावर पट कसा काढायचा रं?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

कँटोनीजमध्ये मात्र ओळखीचं कोण भेटत नाही. चहा तेवढा 'छा'. 'मी'ला म्हणतात 'ङो'. बालवाडीपासून फळ्यावर बसून असलेल्या ङला अखेर काम मिळालं. क्रियापद बदलतच नाही, ती-तो-ते नाही (ते तुर्कीतही नाही), व्याकरणाचं पुस्तक पातळ. आणि तरीही जीव जातो, कारण सूर सहा. 'सी' सहा सुरांत म्हणा: कविता, इतिहास, चाचणी, वेळ, बाजार, बाब. मी स्कूटरवर हेल्मेटमध्ये सी-सी-सी करत शिरोलीला जायचो. गेटवरच्या वॉचमननं एकदा काळजीनं विचारलं, "दात दुखतोय काय?"

आपण सूर वापरतोच की, 'व्हय' चार तऱ्हांनी म्हणून भांडणसुद्धा लावतो, असं मला आधी वाटायचं. तसं नव्हे. आपला सूर वाक्याच्या रागालोभासाठी मोकळा असतो. त्यांचा शब्दांनीच खर्चून टाकलेला. मग रागलोभ जातो कुठं? बराचसा वाक्याच्या टोकाला, एकेका अक्षरात. 'छो ला' म्हणजे बस की. 'सिक ला' म्हणजे खा की. हा 'की' कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही, पुण्याच्या माणसाला लागेल. लिहिताना यातल्या बऱ्याच अक्षरांच्या डाव्या हाताला एक छोटा चौकोन असतो, तोंडाचं चिन्ह. अर्थ सोडा, नुसतं तोंडानं वाचा, अशी खूणच.

या टोकाच्या अक्षरांत एक आहे 'वो'. मधल्या सपाट सुरात म्हटला तर 'अगं बाई, असं आहे होय' अशा धर्तीचा. खालून वर चढवत म्हटला तर म्हणे. 'केउइ म् लेइ वो', तो येणार नाही म्हणे. मिशसारखा ताडलेल्या पावसात पडत नाही. ऐकीव बातमी, बस. आज्जीचं म्हणं ते हेच.

शिकणाऱ्यानं कुठली आधी घ्यावी? माझं मत तुर्की. तिथं रोज थोडं थोडं हाताला लागतं. कँटोनीजमध्ये सहा महिने कानच तयार करायचा, वस्तादानं पोराला नुसत्या जोर-बैठका काढायला लावाव्यात तसं.

परवा हाँगकाँगचा फोन स्पीकरवर होता. एजंट इंग्रजीत म्हणाला, पार्सल निघालं. तेवढ्यात मागून त्याच्या ऑफिसातली बाई काहीतरी बोलली. शब्द एक कळला नाही, पण वाक्याचं शेपूट खालून वर गेलं. मी साहेबांना हातानंच थांबा म्हटलं. त्यांनी काढलेलं चेकबुक परत ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विचारलं, "मिश हाय व्हय?"

"वो हाय, साहेब."