पैसे मार्चमध्ये येतात, पोरं जूनमध्ये

१ जूनला निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो हे तुम्हाला माहितीच असेल. माझ्या मामाचा आहे, आमच्या ऑफिसातल्या जुन्या शिपायाचा आहे, सासऱ्यांचाही होता. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. घरात आपण यावर हसतो. पण बालगृहातून आलेल्या पोरांच्या फायलींमध्येही ही तारीख सारखी भेटते, कारण स्टेशनवर सापडलेल्या पाच वर्षांच्या मुलाला तू कधी जन्मलास हे सांगता येत नाही, मग शाळेच्या दाखल्यावर जे पडलं तेच पुढे आधारवर जातं आणि तेच बारा-तेरा वर्षांनी त्याला संस्थेतून बाहेर काढतं. म्हणजे खरं वय साडेसतरा असो नाहीतर एकोणीस, १ जून आला की हा कागदावर अठरा पूर्ण, आणि कपड्यांची बॅग बाहेर.

त्यामुळे मे संपत आला की मला फोन सुरू होतात. "मॅडम, एक पोरगा आहे, चांगला आहे, दहावी झालाय, जागा आहे का?" मागच्या वर्षी एकाच आठवड्यात तीन आले. जागा एकाची होती.

आधी सांगते मी कोण ते. मी अकाउंट्सवाली. समाजकार्य वगैरे शिकलेली नाही, एका सीए ऑफिसात बावीस वर्षं काढली. आमच्या ओळखीतल्या काही लोकांनी पुण्यात एक छोटा ट्रस्ट काढलाय, अठरा पूर्ण झालेल्या मुलांसाठी, म्हणजे संस्थेतून निघालेल्या आणि अधूनमधून स्टेशनकडून आलेल्याही. हडपसरच्या पुढे एक फ्लॅट भाड्याने घेतलाय, आठ कॉट आहेत, दोन वर्षं राहायचं, काहीतरी शिकायचं, कामाला लागायचं आणि मग स्वतःची खोली बघायची. मी तिथे हिशोब बघायला म्हणून रविवारी दोन तास जायला लागले, त्याला सहा वर्षं झाली.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला मुख्य प्रवाहात यायला आर्थिक मदत 'देता येईल'. द्यावीच लागेल असं नाही, देता येईल. हा एक शब्द मला कितीदा नडलाय ते विचारू नका. याला आफ्टरकेअर म्हणतात, आपल्याकडे सरकारी भाषेत अनुरक्षण, आणि त्यासाठीची अनुरक्षण गृहं आहेत, पण थोडी आणि सगळ्या जिल्ह्यांत नाहीत. वय साधारण एकवीसपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळण्याची सोय आहे. पुण्यात ४,००० मध्ये काय येतं? कॉट बेसिसवर एक कॉट, तीही गावाबाहेर आणि खालच्या दर्जाची. मेसचा डबा त्यात बसत नाही. बरं हे चार हजार दर महिन्याच्या एक तारखेला येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या अकाउंटंटला चहा पाजावा.

आणि जी पोरं संस्थेत नव्हतीच, प्लॅटफॉर्मवर वाढली, त्यांचं तर अजून वेगळं. १०९८ हा हेल्पलाइनचा नंबर अठरापर्यंतच्या मुलांसाठी. नंतर काय, तर मनपाचं रात्रनिवारा केंद्र. २०१० साली सुप्रीम कोर्टाने मोठ्या शहरांना सांगितलं की एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा, मग २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याची योजनाही आली. चांगलं आहे, हवंच होतं. पण एकोणीस वर्षांचं पोरगं तिथे चाळीस-पन्नाशीतल्या, आयुष्याने पार थकवलेल्या, त्यातल्या काही पिणाऱ्या माणसांच्या शेजारी झोपतं, आणि दोन महिन्यांत त्याला त्यांच्याकडून जे शिकायचं ते तो शिकतो. निवारा म्हणजे रात्र काढायची जागा. आम्हाला जे हवंय ते दोन वर्षं काढायची जागा आहे.

दोन वर्षं का, हे डोनरना समजावताना माझा घसा सुकतो.

आमच्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा पहिल्या महिन्यात किल्ली हरवतो. एकाने तीनदा हरवली. मी चिडले होते, कुलूप बदलायला दर वेळी पैसे जातात, मी हिशोबवाली बाई. तेव्हा आमचा हाऊसदादा, म्हणजे रात्री फ्लॅटवर पोरांसोबत राहणारा माणूस, म्हणाला, "ताई, ह्याच्या हातात आयुष्यात कधी किल्ली नव्हती हो." खरंच की. संस्थेत दार उघडणारा आणि बंद करणारा दुसराच असतो. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की ताट घेऊन रांगेत. एक मुलगा पहिले पंधरा दिवस रात्री तहान लागली तर दादाला उठवून विचारायचा, पाणी पिऊ का म्हणून. अठरा वर्षांचा, मिशा फुटलेला मुलगा. भाजी आणायला पाठवला तर मंडईत नुसता उभा, कारण पाव किलो म्हणजे किती दिसतं हे त्याने पाहिलेलं नाही, त्याने पाहिलीये ती साठ पोरांची आमटी. पहिला पगार चार दिवसांत मोबाईलवर उडवलेले तर मोजायचंच सोडलंय आता.

तीन महिन्यांचा कोर्स करून यातलं काय बदलणार सांगा. आम्ही सुरुवातीला तेच केलं. शॉर्ट कोर्स, सर्टिफिकेट, चाकणला कॉन्ट्रॅक्टरमार्फत नोकरी, फोटो काढला, रिपोर्टमध्ये लावला, 'प्लेसमेंट झाली'. तो मुलगा अकराव्या दिवशी परत आला. सुपरवायझर ओरडला म्हणून. तुमचा-माझा मुलगा असाच नोकरी सोडून येतो आणि आई दोन दिवस वरण-भात घालून तिसऱ्या दिवशी जा म्हणते. याला परत यायला आमचा फ्लॅट होता म्हणून बरं, पण त्याची कॉट नियमाने आम्ही दुसऱ्याला दिलेली होती, मग गादी टाकली हॉलमध्ये. आता आम्ही नोकरी लागल्यावरही निदान सहा महिने कॉट काढून घेत नाही. पगार सुरू झाला की तिसरा हिस्सा त्याच्याच नावाच्या आरडीत, आम्हाला एक पैसा नाही, कारण बाहेर पडताना त्याला खोलीचं डिपॉझिट लागणार आहे आणि ते द्यायला त्याच्याकडे काका-मामा नाहीत.

आणि ट्रेनिंगचं म्हणाल तर आयटीआय सगळ्यात भारी, माझं प्रामाणिक मत. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, कंटाळवाणा आहे, पण कागदाला किंमत आहे. ड्रायव्हिंग चालतं, हॉटेलचं किचन काही मुलांना फार मानवतं (जेवणाची ददात मिटते हे एक, आणि किचनमध्ये ओरडा सगळ्यांनाच पडतो त्यामुळे वाईट वाटत नाही). एक जण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, २०१८ पासून. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे शिकायला पुण्यात आली होती, एमपीएससीत मार्क असून कागदावर अडली आणि तिने मुख्यमंत्र्यांपर्यंत जाऊन भांडण नेलं, त्यातून हे झालं. आमचा हा पोरगा तिचं नाव देवासारखं घेतो. पण त्याला अनाथ प्रमाणपत्र मिळवायलाच इतक्या चकरा झाल्या की तेवढ्यात एक परीक्षा निघून गेली.

आता मुद्द्यावर येते, पैसे.

आमचा महिन्याचा हिशोब उघड सांगते, लपवायचं काय. भाडं २४,०००. हाऊसदादाचा पगार १८,०००. आठ मुलांचं खाणं २८,०००. लाइट, गॅस, वायफाय ६,०००. फी, पीएमपी बसचे पास, दवाखाना धरून १२,०००. झाले ८८,०००. म्हणजे एका मुलामागे महिन्याला ११,०००, दोन वर्षांचे २ लाख ६४ हजार. कुणाला हे जास्त वाटतं, तर वाटू दे, आपल्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलचं बिल काढून बघावं.

या यादीतल्या कुठल्या ओळीला पैसे मिळतात माहितीये? यादीत नसलेल्या. एकदा बारा शिलाई मशीन आली, वर देणाऱ्याच्या नावाचे स्टिकर. आम्ही मागितली नव्हती आणि आमच्या एकाही पोराला शिवणकाम शिकायचं नव्हतं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बारा मशीन! बाल्कनीत रचून ठेवली, शेवटी एका महिला गटाला दिली तर फोटोत आमची पोरं का नाहीत म्हणून फोन. कॉम्प्युटर मिळतात, रंगरंगोटी मिळते, कोनशिला बसवता येईल अशी कुठलीही गोष्ट मिळते. भाड्याच्या पावतीवर कोनशिला बसत नाही ना.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचं, गणित असं की कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, किंवा टर्नओव्हर १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटींच्या वर असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के त्यात घालायचे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात महिला आणि अनाथांसाठी घरं-वसतिगृहं हे स्पष्ट लिहिलंय, रोजगाराची कौशल्यंही आहेत, म्हणजे आम्ही दोन्हीकडून बसतो. संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, तोही घेतला. पण वर्ष संपायच्या आत खर्च झाला नाही तर कंपनीला तो पैसा वेगळ्या खात्यात किंवा सरकारी फंडात टाकावा लागतो. म्हणून आम्हाला फोन येतो तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. "मॅडम, चार लाख आहेत, ३१ तारखेच्या आत युटिलायझेशन सर्टिफिकेट मिळेल ना?" म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला. अहो, नऊ दिवसांत चार लाखांचं मी काय करू, सगळ्या पोरांना रोज दुप्पट जेवू घालू? पोरं जूनमध्ये येणार आहेत. कायद्यात तीन वर्षांपर्यंत चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे, ऑनगोइंग प्रोजेक्ट, नीट वापरली तर आमच्यासारख्यांसाठीच केलीये असं वाटतं. पण त्यासाठी कंपनीतल्या माणसाला थोडे जास्त कागद करावे लागतात, आणि मार्चमध्ये त्याला ते नको असतं.

एक गोष्ट माझी स्वतःची पण सांगायला हवी, नुसती दुसऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षी एक प्रपोजल करताना हाऊसदादाचा पगार मीच काढून टाकला होता. डोनरला ॲडमिन खर्च आवडत नाही, आकडा स्वच्छ दिसायला हवा, आणि मला वाटलं पोरं मोठी आहेत, रात्री काय लागतंय माणूस. प्रपोजल पास झालं. चार महिने रात्री तिथे कुणी नव्हतं. त्या चार महिन्यांत एक मुलगा निघून गेला. भांडण झालं म्हणे इतरांशी, काय ते मला नीट कळलंच नाही, कारण कळून घ्यायला कुणी नव्हतं. फोन बंद. आम्ही स्टेशनवर चकरा मारल्या, पोलिसांत सांगितलं, पण तो सज्ञान, स्वतःच्या मर्जीने गेलेला. त्याची फाईल अजून माझ्या कपाटात आहे, दहावीचं मार्कशीट, आधार, सगळं ओरिजिनल. एवढे कष्ट करून काढलेले कागद सोडून गेला. दर मार्चला हिशोबाच्या फायली लावताना ती हाताला लागते, मी ती दुसऱ्या कप्प्यात ठेवते आणि पुढच्या मार्चला परत तिथेच असते. तेव्हापासून बजेटची पहिली ओळ दादाचा पगार. नको असेल तर नका देऊ पैसे.

फ्लॅटचं वेगळंच पुराण. आधीच्या सोसायटीत मीटिंगला मला बोलावलं, 'बॅचलर चालत नाहीत' इथून सुरुवात, मग एक आजोबा हळूच म्हणाले, अनाथ म्हणजे पोलिस केस वगैरे नाही ना? मी म्हटलं, काका, आईवडील नसणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो? अकरा महिन्यांचा करार संपल्यावर वाढवला नाही त्यांनी. आत्ताचे मालक बरे आहेत, स्वतः हॉस्टेलवर शिकलेले.

तर मग आता पैसे कुठून येतात? निम्म्याहून जास्त छोट्या लोकांकडून. महिन्याला ५०० देणारे शंभराच्या आसपास आहेत, यूपीआयवर ऑटोपे लावून टाकलंय, विसरून जातात आणि भाडं निघतं. यातले बरेच नव्या टॅक्स रिजीममध्ये आहेत, त्यात देणगीवरची ८०जीची वजावट नाही, म्हणजे आम्हाला पैसे देऊन त्यांना टॅक्समध्ये शून्य फायदा, तरी देतात. मला आधी भीती होती की सगळे गळतील. सहा-सात गळले. मोठी रक्कम आली तर आता मी हात जोडून एकच विनंती करते, वस्तू नको, तीन वर्षांचं भाडं द्या. दोघांनी ऐकलंय आतापर्यंत.

आणि एक आमचाच जुना मुलगा. आयटीआय केलेला, आता फुरसुंगीला दोघांत खोली करून राहतो. पहिल्यांदा ५०० पाठवले आणि लगेच फोन. "ताई, ८०जीची पावती मिळेल ना?" मी म्हटलं अरे बाबा तुला टॅक्सच बसत नाही, पावती काय करायचीये. तर म्हणे, "असू दे हो, द्या, माझ्या नावाची पावती कधी कुणी फाडली नाही." पॅन नंबर मागितला तर तयार होता, फाईलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

इन्कम टॅक्सवाल्यांचा देणग्यांचा टेन-बीडी फॉर्म ३१ मेच्या आत भरायचा असतो, आणि दुसऱ्याच दिवशी १ जून, त्यामुळे माझा मे कसा जातो ते कळलं असेल. सध्या आठ कॉट आणि सात पोरं. फोन आत्ताच दोन येऊन गेलेत, एक लातूरकडून, एक इथूनच. रविवारी कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे जाऊन एक सिंगल गादी सांगून यायचीये, हॉलमध्ये टीव्हीच्या खाली मावते, मी मोजून आलेय.