आज बंद पडलेली हार्ड डिस्क उघडली
जुनी हार्ड डिस्क मेलीच होती, म्हटलं फेकण्याआधी खोलून तरी बघू. आत आरशासारखी चकचकीत तबकडी आणि वर तो छोटासा हात. त्याच्या मागच्या टोकाला तांब्याची कॉइल आणि भोवती असले भारी मॅग्नेट की स्क्रूड्रायव्हर चिकटला तो निघेचना 😅 स्पीकरमध्ये असतं तसंच प्रकरण, म्हणून नावही व्हॉइस कॉइल मोटर.

मग वाचत बसलो आणि तासभर गेला. आधीच्या ड्राइव्हमध्ये स्टेपर मोटर असायची, ठरलेल्या पायऱ्यांनी हेड (हाताच्या टोकावरचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) सरकवायचं, पण तापमान बदललं की ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिलेली गोल रेघ, थोडा इकडेतिकडे व्हायचा आणि हेडला ते कळायचंच नाही! आता तबकडीवरच डेटाच्या मधेमधे सर्वोच्या, म्हणजे हेडला जागा ओळखायला मदत करणाऱ्या, खुणा लिहिलेल्या असतात, हेड त्या वाचतं, डावीकडचा सिग्नल जास्त की उजवीकडचा यावरून किती घसरलोय ते समजतं आणि कॉइलमधला करंट लगेच कमीजास्त होतो. तबकडी ७२०० आरपीएमने म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतेय आणि हे एका फेरीत शंभराहून जास्त वेळा चालू!! नव्या ड्राइव्हचे ट्रॅक तर इतके जवळ की कॉइलपण पुरत नाही, टोकाला आणखी एक पिएझो (व्होल्टेज दिलं की किंचित हलणारा तुकडा) लावतात, अगदी बारीक हालचालीसाठी.

आणि आपण खुशाल चालू डिस्क टेबलावर आपटतो. मॅग्नेट ठेवलेत काढून.