माइक तोंडासमोर नको, जरा बाजूला ठेवा

"ताई, व्हॉइसओव्हरसाठी कोणता माइक घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, रेकॉर्डिंग कुठल्या खोलीत करणार? कारण मी स्वतः खोलीचा विचार न करता कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक, घेऊन बसले होते. हॉलमध्ये टेबलावर ठेवला, त्याला वायरीतूनच लागणारी वीज, म्हणजे ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, चालू केलं आणि पहिल्याच सॅम्पलमध्ये माझ्या आवाजाबरोबर फरशीवरून घुमणारा आवाज, शेजारच्या कुकरची शिट्टी, सोसायटीचा पाण्याचा पंप, सगळं आलं. माइकचा काही दोष नव्हता, जे होतं ते त्याने ऐकलं.

मग कोणीतरी सांगतं डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणारा दुसऱ्या प्रकारचा माइक, घे, तो बाहेरचं ऐकतच नाही. असं नसतं हो! डायनॅमिकला आपण जवळून बोलतो म्हणून आपला आवाज मोठा आणि बाकीचं मागे पडतं, एवढंच. शुअर कंपनीचा एसएम७बी हा डायनॅमिक सगळ्यांना हवा असतो पण त्याला साधारण ६० डीबी गेन लागतो, म्हणजे त्याचा आवाज तेवढा वाढवावा लागतो, साध्या इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) गेन पार शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि मग मागे बारीक सूंऽऽ ऐकू येत राहतं.

मी आता बेडरूममध्ये करते, साड्यांचं कपाट सताड उघडं, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या, पंखा बंद. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात पण पर्याय नाही. माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून लॅपटॉप बरोब्बर त्याच्या पाठीशी ठेवते. शांत खोलीचा नॉइज -६० डीबीच्या खाली आला की मगच वाचायला बसते, एसीएक्स या ऑडिबलच्या ऑडिओबुक प्लॅटफॉर्मचं माप तेच आहे.

आता अंतर. एक वीत. खरंच हात लावून मोजते, अंगठा ओठांपाशी आणि करंगळी माइकच्या जाळीपाशी. त्याहून जवळ गेलं की खर्ज फुगतो, प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात त्याला, ऐकायला भारदस्त वाटतं पण तासभर वाचताना मान थोडी पुढेमागे झाली की प्रत्येक परिच्छेदाचा आवाज वेगळा येतो आणि एडिटिंगला जीव जातो.

आणि एक गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत मिळाली नाही. इंग्रजीवाले 'पी'ला घाबरवतात, पण मराठीतला प तसा गरीब आहे, त्याच्यात हवा कमी. खरा धक्का फ आणि भ देतात. तळहात ओठांसमोर धरा आणि म्हणा, "पाटी पडली". मग म्हणा, "भोपळ्याची भाजी फार फसफसली". कळला फरक? ती हवा सरळ समोर जाते, म्हणून माइक ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा सरकवायचा आणि माइकचं तोंड तिरकं करून ओठांकडे रोखायचं. मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, माइकपासून चार बोटं लांब. चमचा, चहातला च आणि स टोचत असेल तर माइक अजून थोडा तिरका करा, पण अंतर वितीचंच ठेवा.

माझी टेस्टची ओळ अजूनही भोपळ्याचीच आहे, रोज रेकॉर्ड दाबल्यावर पहिली तीच म्हणते.