आमची वाटचाल : चटणी तीच, पाकीट सहावं

आमच्याकडं सोलापुरात शेंगाचटणी आहे ती तशीच आहे, आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई) कुटायच्या तशी, पाकीट मात्र आत्तापर्यंत पाच वेळा बदललं, सध्याचं सहावं. मुलगा म्हणतो मम्मी तू वाटचाल लिहितीस तर पाकिटांचे फोटोच टाक ना, तेवढं बास. फोटो आहेत, पण प्रत्येक पाकिटामागं काय काय झालं ते फोटोत दिसत नाही म्हणून लिहायला बसले.

सुरुवात काय फार भारी नाही. २००९ ला यांचं यंत्रमागाचं काम निम्म्यावर आलं, घरात चार माणसं खाणारी, आणि आत्यांच्या हातची शेंगाचटणी पेठेत सगळ्यांना माहीत. कुणाचं पोरगं पुण्याला शिकायला निघालं की अर्धा किलो चटणी आमच्याकडनं जायची, ती पण फुकटच. मी म्हणलं आत्या पैसे घेऊया की. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) वेळी होम मैदानावर एका ओळखीच्या स्टॉलच्या कोपऱ्यात टेबल लावलं, पेपरच्या कागदात पुडी बांधून दिली, तीन दिवसांत माल संपला. हेच ते पहिलं पाकीट, वर्तमानपत्र. आज असल्या कागदात खायची वस्तू बांधायला बंदी आहे, शाईतलं नको ते पोटात जातं म्हणून, आणि आमच्या चटणीला तर तेल सुटतं, म्हणजे लोकांनी चटणीबरोबर बातम्या पण खाल्ल्या असणार.

मग बचत गटातल्या एकीनं सांगितलं की आता एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा) नंबर लागतो. आम्हाला वाटलं हे मोठ्या कंपन्यांचं असतंय. पण २००६ चा अन्न सुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालाय (त्याच्या आधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता) आणि त्यात घरी करून विकणारा पण येतोच. तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखाच्या आत असेल तर नुसती नोंदणी लागायची, फी वर्षाला १०० रुपये होती. २०१३ ला केली. चौदा आकडी नंबर आला, २ नं सुरू होणारा, नोंदणी असली की पहिला आकडा २ आणि लायसन्स असलं की १, हे मला पुढं चार वर्षांनी कळलं.

नंबर आला म्हणल्यावर पाकीट पाहिजे, पाकिटावर लेबल पाहिजे. दिरानं उखळ-मुसळाचं झकास चित्र काढलं, अर्धं पाकीट व्यापणारं. आणि खाली घटक लिहायचे, तर नियम असा की जे वजनानं सगळ्यात जास्त ते आधी, मग उतरत्या क्रमानं. शेंगदाणे पहिले हे कळतंय. पण नंतर मिरची का लसूण? मीठ जास्त का जिरं? आमच्याकडं कधी कुणी वजन केलेलंच नव्हतं, सगळं मुठीनं. मी सोनाराकडं असतो तसला छोटा वजनकाटा आणला आणि आत्यांना म्हणलं तुम्ही नेहमीसारखं टाका, मी फक्त मध्ये वाटी धरते. त्यांना राग आला, म्हणाल्या माझ्या हातावर विश्वास नाही काय गं तुझा. तरी टाकलं. मिठाची मूठ ६२ ग्रॅम. परत टाकायला लावली, ६१. तिसऱ्यांदा ६२. आत्यांनी काट्याकडं बघितलं, म्हणाल्या बरोबर दाखवायलंय की तुझं मशीन. म्हणजे परीक्षा मशीनची झाली, आत्यांची नाही!

पुढचा घोळ भाषेचा. आमचं लेबल सगळं मराठीत होतं, अभिमानानं केलेलं. एका तपासणीत अन्न सुरक्षा अधिकारी आले, चांगले होते बोलायला, त्यांनी पाकीट उलटंपालटं करून सांगितलं मॅडम हे इंग्रजीत पाहिजे नाहीतर हिंदीत, मराठी वर आणखी लिहा, त्याला ना नाही, पण नुसतं मराठी चालत नाही. मी म्हणलं साहेब अक्षरं तर तीच आहेत. ते म्हणाले लिपी तीच आहे हो, पण तुमचं मीठ तिथं नमक पाहिजे. नियमात खरंच तसं आहे, इंग्रजी किंवा देवनागरीतलं हिंदी. आपल्याकडं पूर्व भागात निम्मी गिऱ्हाईकं तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडची कन्नड, आणि पाकिटावर मूंगफली. मला हे अजून पटलेलं नाही, राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला राज्याची भाषा पुरी पडायला पाहिजे असं माझं मत आहे, पण नियम आहे तो आहे. हिंदी टाकलं, मराठी ठेवलं, आणि उखळाचं चित्र पाव पाकिटावर आलं.

त्याच तपासणीत जवसाच्या चटणीवरची एक ओळ पण खोडायला लागली. मी हौसेनं छापलं होतं, रक्तदाब आणि गुडघेदुखीवर गुणकारी. कुठंतरी वाचलेलं. खायच्या वस्तूनं आजार बरा होतो असं परवानगीशिवाय लिहिता येत नाही आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखापर्यंत जाऊ शकतो हे ऐकल्यावर माझाच रक्तदाब वाढला. 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल' असले शब्द पण मनाला येईल तसे टाकायचे नाहीत, २०१८ पासून त्याचे वेगळे नियम आहेत. पारंपरिक म्हणायचं तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तशीच चालत आलेली पाहिजे. ते मात्र आमच्याकडं आहे.

२०१७ ला उलाढाल १२ लाखाच्या वर गेली, राज्याचं लायसन्स घेतलं, नंबर १ नं सुरू झाला, जागा घरातनं निघून अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या एका गाळ्यात आली. कांडप मशीन घेतलं. कामाला सहा मावश्या, सगळ्यांची वर्षाला डॉक्टरी तपासणी, पाण्याची तपासणी, मी स्वतः ट्रेनिंग घेतलं कारण दर २५ माणसांमागं एक तरी शिकलेला सुपरवायझर लागतो, दर वर्षी ३१ मे च्या आत एफएसएसएआयचा रिटर्न भरायचा, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. आता ३१ मे म्हणजे सोलापूरचं ऊन, लग्नसराई आणि लोणच्याचा सीझन, कुणी तारीख ठरवली काय माहीत. हे सगळं करायला लागतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, जो करतोय त्याला माहीत आहे.

शेंगदाण्याबद्दल लिहिते कारण तिथं मी खरंच काहीतरी शिकले. आत्या निवडायला बसल्या की काळपट, सुकलेला, आक्रसलेला दाणा बाजूला काढायच्या, म्हणायच्या एक कडू दाणा अख्खी चटणी घालवतो. मला वाटायचं चवीचं आहे. दर सहा महिन्यांनी लॅबला सॅम्पल द्यायला लागल्यावर रिपोर्टमध्ये एक शब्द दिसायला लागला, अफ्लाटॉक्सिन. शेंगा ओल्या राहिल्या, गोदामात दमट झाल्या की बुरशी येते आणि ती हे विष सोडते, लिव्हरला वाईट, आणि भाजून पण ते पूर्ण जात नाही. तयार खायच्या शेंगदाण्यात किलोला १० मायक्रोग्रॅम ही हद्द, म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग एका किलोत. असले विषारी दाणे बऱ्याचदा आत्या बाजूला काढायच्या तेच असतात, रंग गेलेले, आक्रसलेले. तेव्हापासून माल घेताना मी पोत्याच्या तळात हात घालते, व्यापारी हसतो, हसू दे. दोन वेळा पोती परत केलीत, ऐन दिवाळीत.

मग लॉकडाऊन, त्यात पार्सल वाढलं, पुणे मुंबई बेंगलोर. आणि त्याच २०२० च्या नोव्हेंबरात लेबलचे नवे नियम आले, आधी २०११ चे होते. अंमलबजावणी पुढं ढकलत ढकलत १ जुलै २०२२ पासून झाली. एक्स्पायरी तारीख सक्तीची, बेस्ट बिफोर नुसतं ऐच्छिक, पोषणाचा तक्ता, आणि ॲलर्जीची ओळ. एक्स्पायरी कुणी देत नाही, आपणच ठरवायची आणि आपणच निस्तरायची. आम्ही मार्चमध्ये पंचवीस पाकिटं गाळ्याच्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवली, प्रत्येकावर तारीख, दर रविवारी एक फोडायचं आणि आत्यांच्या हातावर. मे मध्ये बाहेर ४३ डिग्री, पत्र्याखाली किती असेल ते विचारूच नका. अकराव्या रविवारी आत्यांनी नाक मुरडलं, खवट. लॅबचा रिपोर्ट पण त्याच्या आसपासच आला. तरी आम्ही दोन महिनेच छापतो.

ॲलर्जीच्या ओळीला आम्ही सगळे हसलो होतो. शेंगाचटणीच्या पाकिटावर लिहायचं, यात शेंगदाणे आहेत. हे म्हणाले उद्या पाण्याच्या बाटलीवर यात पाणी आहे लिहायला लावतील. मग एक दिवस पुण्याहून एका बाईचा फोन आला, आवाज शांत होता पण विचारत होत्या घाईनं. ताई तुमची कारळ्याची चटणी मागवलीय, ती शेंगाचटणीच्याच मशीनवर कुटता का हो, माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, मागच्या वर्षी आयसीयूमध्ये होता. मी हो म्हणायच्या आधी दोन सेकंद गप्प राहिले असेन. त्याच मशीनवर कुटतो. मध्ये पुसून घेतो, पण पुसून घेणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. म्हणलं देऊ नका त्याला, पाकीट कुणाला तरी देऊन टाका, पैसे परत करते. त्या म्हणाल्या पैसे राहू द्या, पण लिहीत जा तेवढं. कारळ्याच्या पाकिटावर काहीच नव्हतं लिहिलेलं, कारण आमच्या डोक्यात ओळ फक्त शेंगाचटणीपुरती होती. नियमात हे होतं, की मिसळायची शक्यता असेल तर तसं लिहा, आम्हीच नीट वाचलं नव्हतं. उरलेली बाराशे पाकिटं त्या रात्री कापली, मी आणि दोघी मावश्यांनी. कारळ्यासाठी दुसरं छोटं मशीन घेतलं, तरी "शेंगदाण्याचा अंश असू शकतो" ही ओळ काढलेली नाही, गाळा एकच आहे आणि शेंगदाण्याची पूड हवेत असतेच.

२०२४ ला अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी आमच्या मालाचं सॅम्पल घेतलं. दुकानातनं चार पाकिटं, किंमत देऊन, चार भाग करून सील, सह्या. एक भाग विश्लेषकाकडं जातो, रिपोर्ट १४ दिवसांत यायचा असतो, ते १४ दिवस मी गणपतीला, स्वामी समर्थांना आणि सिद्धेश्वराला सारखंच वाटून घेतले. रिपोर्ट आला, माल चांगला, पण लेबल चुकीचं. का तर तारीख आणि बॅच नंबर वाचता येत नाही. आम्ही पाकीट भरून, सील करून मग शिक्का मारायचो, चटणीचं तेल सीलपाशी लागलेलं असायचं आणि त्यावर शाई ठरायचीच नाही, दुकानात चार हात लागले की पुसली. दिसत होतं आम्हाला, पण कुणी तक्रार केली नव्हती. लेबल चुकलं तर दंड ३ लाखापर्यंत होऊ शकतो, सुनावणी झाली, आम्ही चूक कबूल केली, आम्हाला बसला तो आकडा सांगत नाही, एक जुनी स्कूटी आली असती. उपाय फुकटचा होता, रिकाम्या पाकिटावर आधी छापायचं आणि मग भरायचं.

जुलै २०२४ मध्ये एफएसएसएआयनं मीठ, साखर आणि सॅच्युरेटेड फॅटचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरात द्यायचा प्रस्ताव मंजूर केला. धंदेवाले कुरकुर करायला लागले, मला विचाराल तर येऊ दे. आमच्या चटणीत मीठ आहे, ते आत्यांच्या मुठीतनं मोजून आलेलं आहे, लपवण्यासारखं काय. फक्त जागेचं कसं करायचं बघायला लागेल, कारण हिरवा ठिपका, तक्ता, नंबर, एमआरपी, एका ग्रॅमची किंमत, कस्टमर केअर हे सगळं बसवता बसवता उखळाचं चित्र आता रुपयाच्या नाण्याएवढं राहिलंय. आत्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवं पाकीट दाखवलं तर म्हणाल्या हे काय, बटण काय? म्हणलं उखळ आहे आत्या. बराच वेळ बघत होत्या.

नव्या लॉटचं प्रूफ आत्ताच प्रिंटरनं व्हॉट्सअपवर पाठवलंय. दहा हजार पाकिटं. नंबरचे चौदा आकडे मोजले, बरोबर आहेत, ॲलर्जीची ओळ आहे, पण गड्याने परत मूंगफलीचं मुंगफली केलंय, आणि उखळात मुसळच नाही.